एकवीस लाल मिनिटं

मी सूड घेतला. पुरता घेतला, आणि घेताना मला फार बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना मी कुठं रडते याची कुणी वाट बघत बसणार नाही.

माझं नाव शैलजा गुल्हाने. अमरावतीपासून तासाभरावर आमचं तालुक्याचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलला मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि पुढची दोन वर्षं त्याच शाळेत पोरांच्या कपाळावरच्या पट्ट्या स्पिरिटनं पुसल्या. हा बदल ज्यानं घडवून आणला त्याचं नाव प्रफुल्ल मोहोड.

प्रफुल्ल आमच्याकडे विज्ञानाला लागला तेव्हा वर्गात त्याची बोबडी वळायची. मीच त्याला म्हटलं, माझ्या तासाला मागच्या बाकावर बसत जा, पोरं कशी हाताळायची ते बघ. दोन वर्षं बसला. मोबाइल स्टँडवर लावून माझे तास रेकॉर्ड करायचा. ‘घरी पुन्हा बघतो मॅडम,’ म्हणायचा. माझ्या घरी बसून त्यानं किती वेळा भाकरी-ठेचा खाल्ला असेल त्याची गणती नाही. मग एक दिवस नोकरी सोडून पुण्याला ‘निर्वेध’ नावाच्या कंपनीत गेला, आणि चार वर्षांनी परत आला तो पट्टी घेऊनच.

२०३६ च्या जूनमधली पालकसभा मला मिनिटामिनिटानं आठवते. सभागृह गच्च भरलं होतं. मोहोड व्यासपीठावर उभा, मागं भिंतभर पडदा. त्यानं पट्टी हातात धरून दाखवली. दोन बोटं रुंद, मऊ रबराची, आतल्या बाजूनं बारीक धातूचे ठिपके.

यंत्र खोटं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. माणसाचा मेंदू सारखा अंदाज बांधत असतो. पुढचा शब्द काय येईल, पुढची पायरी कुठली असेल. अंदाज बरोबर आला तर तो गप्प असतो. अंदाज चुकला किंवा बांधताच आला नाही, तर कपाळामागे विजेची एक बारीकशी लहर उठते. पोराला स्वतःला कळायच्या आत ती उठलेली असते. पट्टी ती लहर पकडायची आणि पडद्यावरच्या शिक्षकाला कळवायची. तो शिक्षक म्हणजे अर्थातच यंत्र. तो दीड सेकंदात समजावणं बदलायचा. पायरी मोठी वाटली तर तिच्या दोन करायचा, आकृती काढायचा, क्रिकेटवेड्या पोराला क्रिकेटचं उदाहरण द्यायचा. पोर कुठंच अडायचं नाही. आमच्या लहानपणी पट्टी हातावर बसायची, आता कपाळावर बसणार, एवढाच विनोद मला तेव्हा सुचला, आणि तोही मनातल्या मनात.

कारण तेवढ्यात पडद्यावर माझं नाव आलं.

फेब्रुवारीत चाचणी म्हणून दहा दिवस माझ्या वर्गातल्या पोरांना पट्ट्या बांधल्या होत्या. मला वाटलं होतं, माझं कौतुक होणार. पडद्यावर दोन आडव्या रेघा आल्या. पोरांना समजत होतं ती मिनिटं हिरवी, पोरं गोंधळली होती ती लाल. वरची रेघ ‘निर्वेध’च्या तासाची, पोपटासारखी हिरवी. खालची माझी.

“पंचेचाळीस मिनिटांच्या तासात एकवीस मिनिटं लाल,” मोहोड म्हणाला. “यात गुल्हाने मॅडमचा दोष नाही. पद्धत जुनी आहे. पण एकवीस मिनिटं मूल अंधारात चाचपडत असतं. आपल्या लेकरांना आपण अंधारात का ठेवायचं?”

“म्हणूनच आमचं पोट्टं घरी येऊन डोकं धरून बसते!” मागून एक बाप ओरडला. सभागृह हसलं. मग टाळ्या झाल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझेही हात टाळ्या वाजवत होते, कारण सगळे वाजवत होते. त्या टाळ्यांसाठी मी स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि त्याला तर नाहीच नाही.

त्या एकवीस मिनिटांत काय चालायचं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. नवा धडा सुरू करताना मी कधीच शिकवत नसे. आधी एक प्रश्न टाकायची, जो त्यांना येणं शक्यच नाही. ‘शाळेच्या झेंड्याच्या खांबाची उंची काढा. खांबावर चढायचं नाही, आणि मोजायला फक्त ही फूटपट्टी.’ एवढं सांगून व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. आत नुसता गोंधळ. कुणी म्हणे खांब आडवा पाडू, कुणी म्हणे सावली मोजू, त्यावर दुसरा म्हणे सावली तर सकाळी लांब असते अन् दुपारी आखूड, मग खरी कोणती? भांडणं व्हायची. बहुतेकांची उत्तरं चुकायची. मग मी आत जायची आणि समरूप त्रिकोण शिकवायची, आणि ते पोरांच्या डोक्यात असे बसायचे की काढू म्हटलं तरी निघायचे नाहीत. माझी आई वड्याची डाळ रात्रीच भिजत घालायची. मी पोरांना भिजत घालत होते, इतकंच.

हे सगळं मोहोडनं दोन वर्षं मागच्या बाकावरून पाहिलं होतं. आणि पाहून त्यानं त्याला लाल रंग दिला.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक बोंडे सरांनी माझ्या हातात कागद ठेवला. गणित यापुढं पडद्यावर होईल आणि मी ‘उपकरण देखभाल’ बघेन. “मॅडम, तीनच वर्षं राहिली तुमची,” सर माझ्याकडे न बघता म्हणाले. “कशाला डोक्याला ताप?” जिन्याखालची एक खोली मला मिळाली. रोज नववीच्या पोरांच्या दोनशे बारा पट्ट्या. पुसायच्या, चार्जिंगला लावायच्या, सकाळी वाटायच्या. त्या कपाळांच्या घामाचा वास माझ्या बोटांना जेवतानाही यायचा.

दात-ओठ खात मी तीन महिने काढले. सप्टेंबरमध्ये मला वाट सापडली.

नववीतला अर्णव बोबडे पट्टी परत करायला आला होता. सहज म्हणून मी त्याला विचारलं, “करणीचा धडा झाला ना रे तुमचा? पन्नासाचं वर्गमूळ सोप्या रूपात लिही बरं.”

“ते? ते तं लय सोपं होतं मॅडम!” अर्णव खुशीत म्हणाला. जुलैत त्या धड्यावर त्याला वीसपैकी वीस होते. त्यानं कागद ओढला, पेन टेकवलं आणि थांबला. मग पंचवीस लिहिलं. मग मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. लाजला नाही, घाबरला नाही, डोकं खाजवलं नाही. नुसता बघत राहिला. मला कळेना हा काय बघतोय. थोड्या वेळानं कळलं. तो वाट बघत होता. अडलं की दीड सेकंदात कुणीतरी समजावतं, तशी.

त्याच संध्याकाळी मी स्टँडवरच्या औषधाच्या दुकानात गेले. तिथं काम करणारा नितेश माझा चार वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, दहावीत काठावर पास झालेला. त्यालाही तेच विचारलं. “मॅडम, गिऱ्हाइकाच्या वेळेले?” असं म्हणत त्यानं औषधाच्या पाकिटावर लिहिलं : पाच गुणिले वर्गमुळात दोन. “याच्यावर माह्यं आन् गज्याचं भांडण झालतं वर्गात. त्यानं माही कॉलर धरली होती. कसं भुलीन?”

मी दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर तारीख घातली. चौदा सप्टेंबर.

पट्टी द्यायला येणाऱ्या पोरांना मी गप्पांच्या ओघात प्रश्न विचारू लागले. रोज दोघा-तिघांना. धडा संपून आठवडा झालेल्या चाळीस पोरांपैकी छत्तिसांना उत्तर यायचं. त्याच चाळिसांना सहा आठवड्यांनी विचारलं की पाच जणांना. शाळेला हे दिसत नव्हतं, कारण शाळेची चाचणी धडा संपला की त्याच शुक्रवारी व्हायची, धड्याचं नाव वर छापून. ताजं ताजं असताना सगळंच येतं.

शास्त्र इतकंच आहे. जी लहर मोहोड पुसून टाकत होता, तीच शिकण्याची वेळ असते. अंदाज चुकला की मेंदू सावध होतो, आणि त्यानंतर जे उत्तर मिळतं ते धरून ठेवतो. प्रश्न पडायच्या आधीच उत्तर आलं तर ते धरायचं कशाला, असं त्याला वाटतं. आठवण्याचंही तसंच. अर्धवट विसरलेली गोष्ट डोक्याला ताण देऊन ओढून काढली की तिची वाट पक्की होते. बापाच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलेल्या पोराला जत्रा आठवते, रस्ता आठवत नाही. शिवाय सोपं वाटलं म्हणजे आलं, असं पोरांना वाटतं, आणि मास्तरांनाही. मोहोडची हिरवी रेघ पोरांना काय येतंय ते दाखवतच नव्हती. त्यांना किती सोपं वाटतंय, तेवढंच दाखवत होती.

ही वही घेऊन मी बोंडे सरांकडे जायला हवं होतं. जिन्यापर्यंत गेलेही. मग वाटलं, जाऊन काय होईल? सर वही मोहोडला देतील. मोहोड पुण्याला कळवेल, यंत्रात दोन बदल करतील, आणि पुढच्या पालकसभेत तो म्हणेल, ‘आम्ही सुधारणा केली आहे.’ टाळ्या पुन्हा त्यालाच. माझी जागा जिन्याखालीच.

आणि वाट पाहिली तर? हीच पोरं दीड वर्षानं दहावीला बसणार होती. बोर्डाच्या हॉलमध्ये पट्टी चालत नाही. बोर्डानं त्या वर्षीपासून गणिताचा पेपर मिसळीचा करायचं जाहीर केलं होतं, कुठला प्रश्न कुठल्या धड्यातला ते न सांगता. सगळ्या जिल्ह्यासमोर, वर्तमानपत्रात, आकड्यांनिशी मोहोड पडला असता. त्याला सावरायला दीड सेकंदही मिळाला नसता.

मी जिन्याखाली परत आले आणि पट्ट्या पुसू लागले. त्या दिवशी मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

डिसेंबरात शिक्षण खात्याचे एक साहेब पाहणीला आले. ही पट्टी आणखी शाळांना द्यायची का, ते ठरवायला. फिरत फिरत जिन्याखाली आले.

“तुम्ही जुन्या गणित शिक्षिका ना? तुमचं प्रामाणिक मत सांगा,” ते म्हणाले.

“पोरं खूश आहेत साहेब,” मी म्हटलं. यात एक शब्द खोटा नव्हता. मोहोड त्यांच्या मागं उभा होता. त्यानं माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेनं पाहिलं की मला हसू दाबावं लागलं. जूनपासून चाळीस शाळांत पट्ट्या लागल्या.

वही भरत गेली. दुसरी घेतली. ती पोरं दहावीत गेली.

आता ओवीचं सांगायला हवं. ओवी खंडारे. आई ई-रिक्षा चालवते, बाप नाही. ही पोरगी नववीपासून रोज सगळ्यात शेवटी पट्टी द्यायला यायची, कारण पट्टी द्यायच्या आधी ती स्वतःच पुसून आणायची. तिला अमरावतीच्या तंत्रनिकेतनात जायचं होतं. रिक्षाची मोटर तिनं स्वतः दोनदा खोलून बसवली होती. तिथल्या प्रवेशाला गणिताचे गुण लागतात.

दिवाळीनंतर तिची आई, संगीता, मला बाजारात भेटली. “बाई, पोरगी म्हणते मले काहीच येत नाही. शाळेत तं सारं बराबर दाखवते. तुमी सांगा, कसं हाये तिचं?”

“पट्टी काय दाखवते? हिरवं ना?”

“हिरवंच हाये.”

“मग झालं तर.”

ती समाधानानं गेली. मी मेथीची जुडी निवडत राहिले.

जानेवारीत ओवी स्वतः आली. शाळा सुटली होती. दारात उभी राहून म्हणाली, “मॅडम, एक विचारू? माह्याजवळ काही राहतच नाही. पडद्यासमोर बसली की सारं सोपं वाटते. आन् घरी गेली की जसं काही कोणी सांगतलंच नाही. माही मावसबहीण तुमच्याजवळ शिकली. ते म्हणते, मॅडम पहिले खूप सतावतात, पण मग जलमभर जात नाही. मले शिकवसान का? दोन महिने आहेत. मी सकाळी सहाला येईन.”

दोन महिने. तिच्यासारखीला दोन महिने पुरले असते. मला ते चांगलं ठाऊक होतं.

मी पट्ट्या मोजत होते. एकशे चाळीसपर्यंत आले होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर स्टँडवरचा फ्लेक्स आला : ओवीचा फोटो, ब्याण्णव गुण, शेजारी हात बांधून हसणारा मोहोड. दोनशे अकरा पोरं नापास झाली तरी तो त्या एकीला पुढं धरून सुटला असता. ‘पट्टी नीट वापरली तर हे होतं,’ असं म्हणाला असता. एक पोरगी माझा सगळा डाव मोडणार होती.

“मला आता शिकवायची परवानगी नाही ओवी,” मी म्हटलं. “पडद्यावर लक्ष दे. होईल सगळं.”

“बरं मॅडम,” ती म्हणाली आणि पट्टी टेबलावर ठेवून गेली. पुसलेली होती.

मार्चमध्ये गणिताचा पेपर झाला. पर्यवेक्षणाला बाहेरच्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी मला नंतर सांगितलं की अशी परीक्षा त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पोरांनी पहिले दोन प्रश्न लिहिले, आणि जिथं अडलं तिथं पेन खाली ठेवलं. कुणी कॉपी केली नाही, कुणी रडलं नाही, कुणी खोडून पुन्हा लिहिलं नाही. सगळी पोरं मान वर करून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसली होती. तासभर. “मला भीती वाटायला लागली हो,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, लिहा रे काहीतरी. तर माझ्याकडे बघायला लागली.”

आमच्या शाळेची दोनशे बारापैकी एकशे एक्क्याण्णव पोरं गणितात नापास झाली. चाळीस शाळांचंही तेच. ओवीला एकतीस मिळाले. पास व्हायला पस्तीस लागतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच सभागृहात चौकशी समिती बसली. तीन अधिकारी व्यासपीठावर, खाली पालक आणि पोरं. मोहोड एका बाजूला खुर्चीवर, दाढी वाढलेली, डोळे खाली. समितीनं विचारलं, शाळेतल्या कुणाला काही सांगायचंय का. मी उठले. दोन वह्या काखेत घेऊन व्यासपीठाकडे चालत गेले ती बारा पावलं मी अजून विसरले नाही. असं सुख मला लग्नातही मिळालं नव्हतं.

मी सगळं मांडलं. चाळीसपैकी छत्तीस, चाळीसपैकी पाच. लहर म्हणजे काय, ती पुसल्यानं काय होतं. मग मी त्यांना तोच जुना आलेख पडद्यावर लावायला सांगितला. “ही माझी एकवीस मिनिटं,” मी म्हटलं. “याच सभागृहात यांना हसला होतात. या लाल मिनिटांत तुमची पोरं शिकत होती. या माणसानं ती दोन वर्षं बघितली, आणि तरी पुसली.”

कुणी हसलं नाही. एक अधिकारी चष्मा काढून आलेख बघत राहिले. मग मागच्या रांगेत टाळ्या सुरू झाल्या आणि पुढं पुढं येत सगळं सभागृह वाजू लागलं. मी मोहोडकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. उट्टं निघालं. यानंतर मेले असते तरी चाललं असतं.

टाळ्या थांबल्यावर तो उठला. मला वाटलं, सफाई देणार. त्यानं हात जोडले.

“मॅडमचं सगळं बरोबर आहे,” तो म्हणाला. “लहानपणी मी गणिताच्या तासाला भीतीनं चड्डीत मुतलो होतो. मला वाटलं, कुठल्याच पोराला तसं वाटू नये. भीती कुठली आणि अडणं कुठलं, हे मला वेगळं ओळखता आलं नाही. माझी चूक आहे, मला मान्य आहे.” मग तो माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता. “मॅडम, एवढी पहिल्या पानावरची तारीख वाचून दाखवता का?”

वही समितीसमोर होती. त्या चष्म्यावाल्या साहेबांनीच तारीख वाचली. “चौदा सप्टेंबर, दोन हजार छत्तीस.”

बोटांवर महिने मोजायला सभागृहाला थोडा वेळ लागला. मग कुजबुज सुरू झाली. संगीता खंडारे तिसऱ्या रांगेतून उभी राहिली. “बाई, तुमी तं मले सांगतलं होतं हिरवं हाये म्हणून.”

तिच्या शेजारी ओवी होती. ती उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, “मॅडम, मी जानेवारीत आली होती तुमच्याकडं. तवा तुमाले मालूम होतं?”

खोटं बोलून उपयोग नव्हता. वहीत पोरांची नावं होती, तारखा होत्या, तिचंही नाव तीनदा होतं.

“हो,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली, जसं काही एखादी पायरी तिला नीट समजली. आईचा हात धरून ती सभागृहाबाहेर गेली.

मला काही झालं नाही. गप्प बसणं हा गुन्हा आहे असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. समितीनं अहवालात माझ्या निरीक्षणांची प्रशंसा केली, पट्ट्या गोळा करून नेल्या, आणि बोंडे सरांनी गणित मला परत दिलं. मोहोडला कंपनीनं काढलं. तो आमच्याच गावात, बायपासजवळच्या घरी परत आला. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. ओवी जुलैच्या पुरवणी परीक्षेत चौऱ्याऐंशी गुणांनी पास झाली आणि आता तंत्रनिकेतनात आहे. त्यात माझा काही हात नाही. म्हणजे आहे, पण तो मी दिलेला नाही.

चौकशीनंतर मी तिला तीन निरोप पाठवले. सकाळी सहाला ये, पाचला ये, मी तुझ्या घरी येते. उत्तर नाही. एकशे एक्क्याण्णवपैकी सव्वाशे पोरं माझ्याकडे पुरवणीच्या तयारीला येऊ लागली, पालक तोंड दुसरीकडे करून त्यांना सोडून जायचे. ओवी आली नाही. मग अर्णव बोबडेनं सांगितलं, “ते मोहोड सरांच्या घरी जाते मॅडम, रोज.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्याकडे? ज्यानं तिचं वाटोळं केलं त्याच्याकडे? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं माझं. मी तशीच स्कूटरवर बसून बायपासला गेले. तिला हाताला धरून आणायचं, असं ठरवूनच.

त्याच्या अंगणाचं फाटक उघडं होतं. खिडकीही उघडी होती. आतून माझाच आवाज येत होता.

दहा वर्षांपूर्वीचा आवाज, जरा कडक, जरा थट्टेखोर. त्यानं रेकॉर्ड करून ठेवलेला माझा तास. “ही गोल विहीर आहे,” मी आतून सांगत होते. “हिचा मध्य कुठं आहे ते सांगा. आत उतरायचं नाही. काठावर फिरायचं, दोरी घ्या, खडू घ्या, काय हवं ते घ्या. आणि मला विचारायचं नाही. मी चालले.” मग चपलांचा आवाज, दार, आणि मोहोडनं रेकॉर्डिंग तिथंच बंद केलं. तोही दुसऱ्या खोलीत निघून गेला. त्याला आता बरोबर कळलं होतं कुठं थांबायचं ते.

खिडकीतून ओवी दिसत होती. सतरंजीवर पालथी पडून, पुढं मोठा कागद, त्यावर ताटाच्या कडेनं काढलेलं वर्तुळ. तिनं दोरी आडवी टाकून पाहिली, उचलली, पुन्हा टाकली. एक रेघ मारली, खोडली. पेन्सिलीचं टोक दातांत धरून ती स्वतःशी पुटपुटत होती. कपाळावर आठ्या पडल्या होत्या. मान एकदाही वर केली नव्हती. मी बत्तीस वर्षं शिकवलं, पण इतकं सुंदर अडलेलं पोर मी क्वचित पाहिलं असेल. तिला एवढंच सांगायचं होतं, दोरी एकदा नाही, दोनदा टाक. तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी फाटकातून आत पाऊल टाकलं.

माझ्या चपलांचा आवाज तिला ओळखू आला असावा. तिनं कागदावरची नजर न काढता हात वर केला.

“आत्ता नका येऊ मॅडम,” ती म्हणाली. “मी अटकली आहो.”